प्रेसिडेंटच्या भानगडींवरची एकतर्फी डॉक्युमेंटरी कशी बघायची

बघू नका असं मी अजिबात म्हणणार नाही, उलट बघाच, कारण एकतर्फी डॉक्युमेंटरीत जो मसाला असतो तो समतोलवालीत नसतो, समतोलवाली रविवारी जेवण झाल्यावर लावली की पंधराव्या मिनिटाला निम्मं घर घोरायला लागतं. फक्त बघायची एक पद्धत आहे. आणि पुण्यात ती माहीत असलेली बरी, कारण इथे कोथरूड, औंध, बाणेरमधल्या कुठल्याही सोसायटीत जा, कुणाचा ना कुणाचा मुलगा किंवा जावई अमेरिकेत असतोच, त्यामुळे तिकडच्या प्रेसिडेंटबद्दल इथल्या माणसाला महापालिकेतल्या आपल्या नगरसेवकापेक्षा जास्त माहिती असते किंवा आहे असं त्याला वाटतं, आणि सकाळी वेताळ टेकडीवर त्यावर कडकडून भांडणं होतात.

तर पहिली गोष्ट म्हणजे सुरुवात जुन्या फिल्मने करा. आत्ता जो प्रेसिडेंट आहे त्याच्यावरची पहिल्यांदा घेऊच नका, केसेस चालू असतात, रोज नवी बातमी येते, खोलीतल्या प्रत्येकाचं डोकं आधीच तापलेलं असतं. जुन्या फिल्मचा फायदा असा की तिच्यातल्या आरोपांचं पुढे काय झालं ते सगळं बाहेर आलेलं असतं, म्हणजे गाईडसारखं, पुढे प्रश्न आणि मागे उत्तरं. हात बसला की मग चालू विषयाकडे वळा.

मी लोकांना १९९४ ची ‘द क्लिंटन क्रॉनिकल्स’ सांगते. बिल क्लिंटन प्रेसिडेंट होऊन जेमतेम दीड वर्ष झालं होतं तेव्हा ही व्हिडिओ कॅसेट आली. आर्कान्साचा गव्हर्नर असताना त्याने काय काय केलं याची ती यादी आहे, जमिनीचा घोटाळा, बायका, ड्रग्ज, पैसे फिरवणं, आणि माणसं मारणंसुद्धा. एकदम फुल पॅकेज. सराव करायला याहून चांगली फिल्म नाही कारण हिच्यात थोडं खरं आहे, थोडं अर्धवट आहे आणि बाकी हवेतलं आहे, आणि तिन्ही एकाच आवाजात, एकाच म्युझिकवर सांगितलेलं आहे.

लावायच्या आधी दहा मिनिटं एवढं शोधा: कुणी काढली, कधी काढली, कुणी विकली. हिच्या बाबतीत काढणारी संस्था सिटिझन्स फॉर ऑनेस्ट गव्हर्नमेंट (नावातच प्रामाणिक असलं की मी जरा सावध होते, आपल्याकडे ‘शुद्ध’ लिहिलेल्या तुपाच्या डब्याला जशी होते तशीच), निर्माता पॅट्रिक मॅट्रिशियाना, आणि टीव्हीवरून विकणारे जेरी फॉलवेल, म्हणजे टीव्हीवर प्रवचनं करणारे आणि राजकारणात पूर्णपणे रिपब्लिकनांच्या, म्हणजे क्लिंटनच्या विरोधी पक्षाच्या, बाजूने असलेले पाद्री. साल १९९४, त्याच नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत काँग्रेसच्या मध्यावधी निवडणुका होत्या. यातलं काहीही फिल्म खोटी आहे असं सिद्ध करत नाही हं. विरोधकाने सांगितलं म्हणून आरोप खोटा होत नाही, बहुतेक खऱ्या भानगडी विरोधकांनीच बाहेर काढलेल्या असतात. पण कुणाला काय विकायचंय हे माहीत असलं की कान जरा वेगळे होतात.

या फॉलवेलच्या जाहिरातीतला एक किस्सा मात्र सांगायलाच हवा. त्यात एक माणूस अंधारात बसलेला दाखवलाय, नुसती आकृती दिसते, तो शोधपत्रकार आहे आणि त्याच्या जिवाला धोका आहे असं सांगितलं जातं. बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. आणि तो माणूस कोण होता, तर निर्माता मॅट्रिशियाना स्वतः. पुढे त्याने ते कबूल केलं. म्हणून फिल्ममध्ये चेहरा झाकलेला माणूस दिसला की वहीत फक्त एक फुली मारायची, त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही आणि अविश्वासही दाखवायचा नाही, नुसतं लिहायचं की याचं नाव माहीत नाही. तासाभरानंतर फुल्या मोजा.

हो, वही लागणार. मोबाईलवर नोट्स घेऊ नका, मोबाईल हातात आला की कुणीतरी रील बघायला लागतं. साधी शंभर पानी वही, पानावर उभ्या रेघा मारून चार रकाने करा: कितव्या मिनिटाला, काय म्हटलं, कोण म्हणतंय, दाखवलं काय. चौथा रकाना महत्त्वाचा. बोलणारा म्हणतो ‘कोट्यवधी डॉलर फिरवले’ आणि त्या वेळी पडद्यावर काय असतं, तर रात्रीच्या रस्त्यावरून जाणारी गाडी. मग चौथ्या रकान्यात ‘गाडी’ असं लिहायचं. अर्ध्या तासात तुमच्या रकान्यात गाडी, विमान, बंद दार, पाऊस, परत गाडी असं जमा होतं आणि तुमचं तुम्हालाच कळतं की कागद एकही दाखवलेला नाही.

आणि कागद दाखवलाच तर पॉज करा. आमच्या ग्रुपमध्ये बँकेतून रिटायर झालेले एक काका आहेत, त्यांनी हे शिकवलं. एका फिल्ममध्ये (ही नाही, दुसरीच) एक पत्र झूम करून दाखवलं, एका ओळीवर पिवळा हायलाइट, दोन सेकंद, पुढे. काका म्हणाले, “अगं थांबव थांबव, मागे घे.” घेतलं. “तारीख कुठंय?” तारीख होती, वर कोपऱ्यात. “सही?” सही नव्हती. खाली बारीक अक्षरात पान एक ऑफ दोन असं छापलेलं, आणि दुसरं पान अख्ख्या फिल्ममध्ये कुठेच नाही. काका म्हणाले, “आमच्याकडे असला कागद घेऊन कुणी लोन मागायला आला असता ना, तर चहा पण विचारला नसता.” तेव्हापासून आम्ही कागद दिसला की तारीख, सही आणि हायलाइटच्या वरची ओळ, एवढं वाचल्याशिवाय पुढे जात नाही.

आता मुख्य मुद्दा, यासाठीच खरं तर लिहायला बसले. अशी फिल्म बघताना खरी की खोटी हा प्रश्न विचारूच नका, त्यातून फक्त भांडण निघतं. उडी कुठे मारली ते शोधा. जवळपास प्रत्येक प्रकरण जमिनीवरच सुरू होतं, खऱ्या घटनेवर, आणि मग कुठल्या तरी एका वाक्यात फिल्म उडी मारते आणि प्रेसिडेंटच्या दारात जाऊन उतरते. ती उडी पकडायची.

क्रॉनिकल्समधलंच उदाहरण घ्या. १९८७ च्या ऑगस्टमध्ये आर्कान्सात दोन शाळकरी पोरं रेल्वेखाली सापडली. राज्याच्या मेडिकल एक्झामिनरने सांगितलं की गांजा ओढून रुळावर झोपली होती, अपघात. घरच्यांना पटलं नाही, त्यांनी पाठपुरावा केला, दुसऱ्यांदा पोस्टमॉर्टेम झालं आणि निष्कर्ष बदलला, खून. ती केस आजपर्यंत सुटलेली नाही. हे सगळं खरं आहे, आणि संताप यावा असंच आहे, सरकारी डॉक्टरने एवढी मोठी चूक केली आणि आईबापांना स्वतः झगडावं लागलं. इथपर्यंत फिल्म जमिनीवर आहे. त्यानंतर ती मीना नावाच्या गावातल्या छोट्या विमानतळावर जाते, तिथून ड्रग्जच्या तस्करीवर जाते, आणि तिथून गव्हर्नरवर. मधले पूल कुठे आहेत? पहिल्या भागाला नातेवाईक आहेत, रिपोर्ट आहेत, तारखा आहेत, दुसऱ्या भागाला ‘असं म्हणतात’ आहे. पण पहिल्या भागाचा संताप तुमच्या पोटात असतो आणि त्या संतापाच्या जोरावर तुम्ही उडी मारता, फिल्म नाही मारत, तुम्हीच मारता. खोटं बोलून कुणी एवढं फसवत नाही जेवढं खऱ्या दुःखाचा असा वापर करून फसवता येतं.

मग येते मेलेल्यांची यादी. क्लिंटनला ओळखणारे इतके इतके लोक ‘गूढरीत्या’ मेले. ऐकायला भयंकर, पण आर्कान्साची लोकसंख्या १९९० च्या जनगणनेत साडेतेवीस लाख होती, म्हणजे आत्ताच्या आपल्या पुणे शहरापेक्षाही कमी, आणि हा माणूस तिथे जवळपास बारा वर्षं गव्हर्नर. एवढ्या छोट्या राज्यात एवढी वर्षं राजकारण केलेल्या माणसाला हजारो लोक ओळखणार, त्यातले काही अपघातात जाणार, काही आजारात, काही आत्महत्या करणार. यादीत कोण आहे ते बघून उपयोग नाही, यादीत कोण नाही ते विचारा, म्हणजे क्लिंटनला ओळखणारे आणि ठणठणीत असलेले किती. ते कुणी मोजत नाही.

यादीतलं सगळ्यात मोठं नाव व्हिन्स फॉस्टर. व्हाईट हाऊसमधला वकील, क्लिंटनचा लहानपणापासूनचा मित्र, २० जुलै १९९३ ला एका पार्कमध्ये मृतदेह सापडला. खुनाच्या थिअऱ्या इतक्या झाल्या की विचारू नका. इथे वापरायची युक्ती अशी की चौकशी किती झाल्या यापेक्षा कुणी केल्या ते बघा. रॉबर्ट फिस्क, चौकशीसाठी खास नेमलेला वकील, रिपब्लिकन, १९९४ च्या जूनमध्ये म्हणाला आत्महत्या. त्याच्या जागी केनेथ स्टार आला, हा तर क्लिंटनच्या मागे हात धुऊन लागलेला माणूस, त्याच्या ऑफिसात या प्रकरणावर काम करणारा एक तरुण वकील होता ब्रेट कॅव्हनॉ, तोच जो २०१८ मध्ये ट्रम्पने नेमल्यावर सुप्रीम कोर्टाचा जज झाला. या लोकांना जर खुनाचा एक धागा मिळाला असता तर त्यांनी सोडला असता का हो? आणि १९९७ मध्ये स्टारनेही तेच म्हटलं, आत्महत्या. मित्राने दिलेली क्लीन चिट मी फारशी मोजत नाही पण वैऱ्याने दिलेली मोजते.

साक्षीदारांचंही तेच. फिल्ममध्ये सगळ्यात जास्त बोलतो तो लॅरी निकोल्स. हा आर्कान्सा सरकारच्या एका फायनान्स संस्थेत होता, १९८८ मध्ये नोकरी गेली, १९९० मध्ये क्लिंटनवर दावा ठोकला, १९९२ मध्ये मागे घेतला, आणि १९९४ मध्ये हा आपल्यासमोर कॅमेऱ्यात. नोकरीवरून काढलेला माणूस खरं बोलू शकतो, आतलं त्यालाच माहीत असतं. पण त्याच्या नावापुढे वहीत ‘नोकरी गेलेली’ असं लिहायला हरकत नाही. पुढे १९९८ मध्ये असंही छापून आलं की क्लिंटनवर आरोप करणाऱ्या काही लोकांना फिल्म काढणाऱ्या संस्थेनेच पैसे दिले होते. ही असली माहिती फिल्मच्या आत कधीच मिळत नाही, बाहेर शोधावी लागते.

आता उलट बाजू, कारण एवढं वाचून डेमोक्रॅटवाले, म्हणजे क्लिंटनच्या पक्षाचे, खूष झाले असतील. भानगडी नव्हत्या असं अजिबात नाही. व्हाइटवॉटर खरं होतं. १९७८ मध्ये क्लिंटन नवराबायको आणि मॅकडूगल नवराबायको यांनी मिळून दोनशेतीस एकरच्या आसपास जमीन घेतली, धंदा बुडाला, पुढे मॅकडूगलची बँक बुडाली, आणि १९९६ च्या मे महिन्यात दोघे मॅकडूगल आणि क्लिंटननंतरचा गव्हर्नर जिम गाय टकर कोर्टात दोषी ठरले. क्लिंटन पतीपत्नींवर यात गुन्हा दाखल झाला नाही. म्हणून वहीत पाचवा रकाना करा, तो फिल्म संपल्यावर भरायचा: आरोप, चौकशी, खटला, शिक्षा, यातल्या कुठल्या पायरीवर गाडी थांबली. आणि कुणाची थांबली ते पण, कारण फिल्म ‘व्हाइटवॉटरमध्ये लोक दोषी ठरले’ म्हणते तेव्हा ते बरोबरच असतं, फक्त कोणते लोक ते सांगायला विसरते.

महाभियोगाचंही एकदा नीट डोक्यात बसवून घ्या, कारण इथे दर वेळी गोंधळ होतो. आपल्याकडे लोकांना वाटतं महाभियोग झाला म्हणजे माणसाला हाकललं. तसं नाही, तिकडे खालचं सभागृह साध्या बहुमताने आरोपपत्र ठेवतं, तोच महाभियोग, आणि सिनेटमध्ये दोन तृतीयांश मतं मिळाली तरच खुर्ची जाते. क्लिंटनवर १९ डिसेंबर १९९८ ला आरोप ठेवले गेले, १२ फेब्रुवारी १९९९ ला सिनेटने सोडलं, लागत होती ६७ मतं, खोट्या साक्षीच्या आरोपावर पडली ४५ आणि न्यायात अडथळ्याच्या आरोपावर ५०. पण सुटला म्हणजे धुतल्या तांदळासारखा असंही नाही, व्हाईट हाऊसमधली इंटर्न मोनिका लेविन्स्की हिच्याशी असलेल्या संबंधांबाबत तो शपथेवर खोटं बोलल्याबद्दल कोर्टाने त्याला अवमानाचा दोषी धरलं आणि त्याची आर्कान्सातली वकिलीची सनद पाच वर्षं निलंबित झाली. गंमत अशी की हे प्रकरण १९९८ च्या जानेवारीत फुटलं, म्हणजे फिल्मनंतर साडेतीन वर्षांनी. त्यावर फिल्मवाले म्हणतात बघा, आम्ही सांगत नव्हतो का! नव्हता सांगत, तुम्ही खुनाचं सांगत होतात.

आवाजाचं थोडक्यात. एखादी पाच मिनिटं म्यूट करून बघा, मग तीच पाच मिनिटं टीव्हीकडे पाठ करून नुसती ऐका. फिल्म इन्स्टिट्यूट आणि फिल्म अर्काइव्ह आपल्याकडे लॉ कॉलेज रोडवरच आहेत, तिथला फिल्म ॲप्रिसिएशनचा कोर्स केलेला कुणी ओळखीचा असेल तर त्याला धरून आणा, तो एडिटिंगचं चांगलं सांगेल (आणि मग थांबणार नाही, तयारी ठेवा).

पुढच्या रविवारी दुसऱ्या बाजूची फिल्म. ही अट आहे, पर्याय नाही. २००४ ची ‘फॅरेनहाइट ९/११’ घ्या, जॉर्ज बुशवरची, कान चित्रपट महोत्सवात पाम दोर, म्हणजे तिथलं सगळ्यात मोठं बक्षीस, मिळालेली. तिच्यात तो प्रसिद्ध सीन आहे, ११ सप्टेंबर २००१ ला बुश फ्लोरिडातल्या शाळेत मुलांसमोर बसलाय, कानात सांगितलं जातं की दुसरं विमान धडकलं, आणि तो जवळपास सात मिनिटं तसाच बसून राहतो. फुटेज शंभर टक्के खरं. पण त्यावर निवेदक बुशच्या डोक्यात काय चाललं असेल ते बोलत राहतो आणि आपल्याला वाटतं की आपण ते बघतोय. तीच उडी, फक्त जास्त हुशार माणसाने मारलेली. हल्ल्यानंतर सौदी लोकांना घेऊन गेलेल्या विमानांबद्दल फिल्ममध्ये जे सुचवलंय त्याच्या शेजारी ९/११ कमिशनचा रिपोर्ट ठेवून वाचा, तो त्याच वर्षी जुलैमध्ये आला, त्यात लिहिलंय की ती विमानं देशाची हवाई हद्द परत खुली झाल्यावरच गेली. मला स्वतःला ही फिल्म फार आवडते, आणि म्हणूनच ही बघताना माझी वही रिकामी राहते, त्यामुळे वही तेव्हा दुसऱ्याकडे द्यावी लागते.

असल्या फिल्मला डॉक्युमेंटरी म्हणायचं की प्रचार, यावर वाद घालून वेळ घालवू नका, अमेरिकेत त्यावर अगदी सुप्रीम कोर्टापर्यंत लढाई झालीये. २००८ मध्ये हिलरी क्लिंटनच्या विरोधात एक फिल्म निघाली, ती निवडणुकीच्या तोंडावर दाखवायची का नाही यावरून केस गेली, तीच ती सिटिझन्स युनायटेड नावाने गाजलेली केस, निकाल २१ जानेवारी २०१०, पाच विरुद्ध चार. कोर्टाने मान्य केलं की फिल्म म्हणजे हिला मत देऊ नका असंच सांगणं आहे, आणि तरीही दाखवायला परवानगी दिली, वर कंपन्यांना निवडणुकीत प्रचारावर खर्च करायची दारं उघडली.

बसायचं कसं ते सांगते. पाच-सहा माणसं पुरे, दहा झाली की सभा होते. मिसळ आधी खाऊन घ्या, फिल्म चालू असताना नको, पॉजच्या वेळी तोंडात पाव असला की आवाज वाढतो. इंग्लिश सबटायटल लावा, आर्कान्साचे उच्चार आमच्या काकांना कळत नाहीत, मला पण नाही कळत. ज्यांचा मुलगा तिकडे आहे त्यांना ‘आमचा समीर म्हणतो’ असं फक्त शेवटी बोलायची परवानगी. संपल्यावर प्रत्येकाने आपल्या बाजूला न आवडणारी एक गोष्ट कबूल करायची, एक तरी, नाहीतर चहा नाही. मोठी माणसं आधी फार आढेवेढे घेतात, एक काकू तर तीनदा म्हणाल्या “मला काही राजकारणातलं कळत नाही बाई” आणि मग चौथ्या वेळी सगळ्यात नेमका मुद्दा त्यांनीच काढला.

दुसऱ्या दिवशी त्यातली क्लिप ग्रुपवर येणारच. उत्तर म्हणून लेक्चर नको, फक्त विचारा, “काका, हे कितव्या मिनिटाला आहे आणि त्याच्या आधी काय आहे?” बहुतेक वेळा क्लिप उडीच्या जागेपासूनच कापलेली असते.

आणि रिमोट. तो ज्याला फिल्म पटत नाहीये त्याच्या हातात देऊ नका, तो दर मिनिटाला थांबवेल. ज्याला ती मनापासून आवडतेय त्याच्या हातात द्या, आणि पॉज त्यालाच करायला सांगा.